परत आलेल्याची ओळख

माझ्या आजारपणाबद्दल लोकांनी आजवर मुख्यतः दोनच प्रश्न विचारले. आजारी असताना विचारला तो आईला, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात: "कोणत्या जन्मीचं पाप गं हे, एवढ्याशा पोरीच्या वाट्याला?" बरी झाल्यावर विचारला तो थेट मला: "देवानं तुला मरणाच्या दारातून परत आणलं ते काय उगीच? काहीतरी योजलं असेल त्यानं. तू आता काय करून दाखवणार?" पहिल्यात निवाडा होता, दुसऱ्यात अपेक्षा. विचारणारी माणसं वाईट नव्हती. त्यांतल्या कितीकांनी आमच्या घरी धान्य पाठवलं होतं, आईला मुंबईच्या गाडीभाड्याचे पैसे दिले होते. पण या दोन प्रश्नांच्या गर्दीत तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न तोच आहे. मरणाच्या दारातून परत आलेल्या मुलानं माणसांत परत यायचं कसं, आणि त्याला परत घेणाऱ्यांचा धर्म काय?

मी कराडजवळच्या एका गावातली. 1993 साली, नऊ वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हे त्याचं पूर्ण नाव. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले. आई आणि मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो, वडील गावाकडची शेती आणि धाकट्या भावाला बघायचे. आज मी एका माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवते. उपचारांत मला जी औषधं शिरेतून देत, त्यांतलं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून काढतात, असं एका सिस्टरनी आईला सांगितलं. आमच्या अंगणात तुळशीवृंदावनाच्या भोवती सदाफुली आपली आपणच उगवायची, कुणी लावलेली नव्हती. गावी परत आल्यावर आई तुळशीला पाणी घालताना त्या रोपांनाही हात जोडायला लागली. दुसरं औषध मेथोट्रेक्सेट. ते ज्या औषधांच्या घराण्यातलं, त्यांच्यामागे आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची अमेरिकेतली मेहनत होती, हे मला फार नंतर कळलं. त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं औषध सिडनी फार्बर यांनी बॉस्टनमध्ये ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि 1948 साली त्याचा वृत्तांत छापला. त्याआधी या आजाराची मुलं वाचतच नसत. म्हणजे मुलं 'परत येण्याचा' प्रश्नच माणसाच्या इतिहासात जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे. आपल्या रीतीभातींना त्याची सवय नाही, यात नवल नाही.

आता मात्र सवय करून घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना, म्हणजे वयाच्या एकोणीस वर्षांपर्यंतच्या, कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्केही होत नाहीत. ही दरी बुजवायचं काम डॉक्टरांचं आणि सरकारचं आहे. पण बरं होऊन जी मुलं दारात उभी राहतात, त्यांचं काम आपलं आहे.

पहिला प्रश्न आधी घेते. पापाचा.

माझ्या आईनं या प्रश्नाखाली फार सोसलं. तिनं सोळा सोमवार केले. कुणी सांगितलं म्हणून त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण-नागबळीही करून घेतला. व्रतांना मी नावं ठेवत नाही. केमोच्या दिवसांत आईला उभं ठेवणारं तेवढंच होतं. पण व्रत हे आईचं स्वतःचं होतं, निवाडा लोकांचा होता, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रार्थना करणारा देवाशी बोलतो. पाप शोधणारा शेजाऱ्याच्या पोरीबद्दल बोलतो.

पुढे शिकायला लागल्यावर मी या प्रश्नाचा माग ग्रंथांत काढला. आपल्याकडे सगळं पूर्वकर्मावर टाकलं जातं, असं मला वाटत होतं. पण पाली संयुत्त निकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला नेमका हाच प्रश्न विचारतो. माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध उत्तर देतो की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिन्हींमुळे, काही ऋतुबदलामुळे, काही स्वतःची नीट काळजी न घेतल्यानं, काही आघातानं, आणि काही कर्मामुळे. आठांतलं एक. सगळं पूर्वकर्मामुळेच असं म्हणणारे, स्वतःला ठाऊक असलेल्याच्या आणि जगाला उघड दिसणाऱ्याच्या पलीकडे उडी मारतात, असं तो ठामपणे सांगतो. चरकसंहितेतही आयुष्य फक्त दैवावर सोडलेलं नाही. दैव आणि पुरुषार्थ दोन्ही मानले आहेत, आणि दुबळ्या दैवावर बलवान प्रयत्न मात करतो असं विमानस्थानात म्हटलं आहे. आजच्या वैद्यकाचं म्हणणंही त्याच बाजूचं आहे. लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं ठरावीक कारण हाती लागत नाही. आनुवंशिक दोष फार थोड्यांत सापडतो. आईच्या डोहाळ्यांत, बापाच्या वागण्यात, मुलीच्या खाण्यात ते कारण नसतं.

मग लोक विचारतात का? मला जे उमगलं ते असं. दुःखाचं कारण त्या मुलीत किंवा तिच्या घराण्यात सापडलं, तर माझं मूल सुरक्षित राहतं. पापाचा प्रश्न हा भेदरलेल्या माणसानं आपल्या घराभोवती ओढलेली रेघ असते. भीती मी समजू शकते. पण ती रेघ ओढताना एक मूल बाहेर राहतं, आणि धर्माच्या नावानं राहतं. म्हणून मला हा प्रश्न अधर्म्य वाटतो.

दुसरा प्रश्न दिसायला गोड आहे, म्हणून जास्त अवघड. 'देवानं वाचवलं' हे वाक्य मला लहानपणी अभिमानाचं वाटायचं. पण वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर दरभंग्याचा एक मुलगा होता. माझ्याहून थोडा मोठा. इंजेक्शनच्या बाटल्यांवरची रंगीत झाकणं तो साठवायचा. निळी, तांबडी, राखाडी. सिस्टर त्याच्यासाठी ती बाजूला काढून ठेवायच्या. चादरीवर तो त्यांची फौज मांडायचा, आणि मी त्याला मराठीतून शिव्या आणि त्यानं मला हिंदीतून मोजणी शिकवण्याचा आमचा करार होता. माझ्या आजारानं औषधांचं ऐकलं, त्याच्या आजारानं नाही. दोघांच्या औषधांत, दोघांच्या आयांच्या उपासांत, दोघांच्या रडण्यात मला फरक दिसला नाही. मला जर देवानं काही हेतूनं वाचवलं असेल, तर त्याच्यासाठी त्याच देवाकडे हेतू नव्हता का?

हा प्रश्न मी वयाच्या दहाव्या वर्षापासून बरोबर घेऊन चालते आहे. त्याचं एकच प्रामाणिक उत्तर मला मान्य आहे. माझ्या जगण्याला निवडीचा अर्थ लावायचा नाही. मी वाचले, ही कृपा म्हणायची असेल तर म्हणा, पण पात्रता म्हणू नका. कृपेत हिशेब नसतो, आपल्या सगळ्या संतपरंपरेचा सूर हाच आहे. कुणी मेलं ते कमी लाडकं होतं, असा अर्थ ज्या श्रद्धेतून निघतो ती श्रद्धा मला नको. आणि बऱ्या झालेल्या मुलावर 'मोठं काही' करण्याचं ओझं घालणं म्हणजे त्याच्या जगण्याची किंमत वसूल करणं. अशी मुलं बारावीत पंचावन्न टक्के मिळाले तरी कोसळतात. साधं आयुष्य जगायची परवानगीच त्यांना कुणी दिलेली नसते.

या दोन प्रश्नांतून मी बाहेर पडले ती कठोपनिषदामुळे. नचिकेताची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बाप वाजश्रवस यज्ञात म्हाताऱ्या गायी दान देतो, मुलाला ते खटकतं, "मला कुणाला देणार?" असं तो पुन्हा पुन्हा विचारतो, आणि बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. मुलगा खरोखर यमाच्या दारी जातो. यम घरी नसतो. तीन रात्री पाहुणा उपाशी राहतो, म्हणून यम तीन वर देतो. प्रवचनकारांची सगळी ओढ तिसऱ्या वराकडे असते, कारण मेल्यानंतर काय उरतं हे तिथं विचारलेलं आहे. दुसरा वर स्वर्गाच्या अग्नीचा. पहिल्या वराशी कुणी थांबत नाही. मी एम.ए.ला असताना तिथं थांबले आणि माझे डोळे भरून आले.

मृत्यूच्या घरात उभं असलेलं ते पोर पहिल्यांदा काय मागतं? अमरत्व नाही, ज्ञान नाही. मी परत जाईन तेव्हा माझे वडील शांत असोत, त्यांचा राग गेलेला असो, त्यांनी मला ओळखावं आणि प्रेमानं माझ्याशी बोलावं. बस्स. यम तथास्तु म्हणतो आणि पुढे घालतो: तुला मृत्यूच्या मुखातून सुटलेला पाहून तुझा बाप पूर्वीसारखाच तुझ्याशी वागेल, आणि रात्री सुखानं झोपेल. शंकराचार्य भाष्यात या ओळखण्याचा अर्थ उलगडतात, तो असा की हाच तो माझा मुलगा, परत आलेला, अशी बापाला आठवण होऊन त्यानं त्याला ओळखावं.

ज्यानं हा वर लिहिला त्याला परत येणाऱ्या मुलाचं मन पक्कं ठाऊक होतं. मृत्यूच्या दारातून सुटणं ही अर्धीच सुटका आहे. घरच्यांनी ओळखलं नाही तर मूल दोन घरांच्या मधे लटकतं.

मी लटकले होते. स्टिरॉइडनं चेहरा सुजलेला, डोक्यावर केस नाहीत, पाय बारीक. शेजारच्या काकू मला वेगळ्या फुलपात्रातून पाणी द्यायच्या आणि ते फुलपात्र पायरीवर उपडं ठेवायच्या. शाळेत मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, इतरांना लागू नये म्हणून. कॅन्सर लागत नाही, हे तेव्हा तिथं सांगणारं कुणी नव्हतं. पण मला जास्त लागलं ते नागपंचमीचं. आमच्याकडे पोरी वडाखाली जमून फेर धरतात, झिम्मा खेळतात, फुगड्या घालतात. लगोरी लांबून बघता येते. फुगडीला हात धरावा लागतो. जोड्या लागत गेल्या आणि मी उरले. मग माझी आत्येबहीण आपली जोडी सोडून आली, तिनं माझे दोन्ही हात मनगटापासून घट्ट धरले आणि सुरू केलं. व्हिन्क्रिस्टीननं पावलांतला जोर जातो, हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दोन गिरक्यांत मी पडले, गुडघा फुटला. सगळ्या पोरी गप्प. ती म्हणाली, "ऊठ. या वेळी हळू घेऊ." आम्ही हळू घेतली.

नचिकेताचा पहिला वर मला पहिल्यांदा मिळाला तो असा. आत्येबहिणीनं मला आजारी म्हणून वगळलं नाही, आणि पडल्यावर काही झालंच नाही असंही दाखवलं नाही. पूर्वीसारखी फुगडी, पण हळू.

वेदान्तात ओळखीचं एक ठरलेलं उदाहरण आहे, 'सोऽयं देवदत्तः'. पूर्वी कुठेतरी पाहिलेला देवदत्त आज इथे दिसतो. तेव्हाचा काळ वेगळा, जागा वेगळी, कदाचित अंगकाठीही वेगळी. तरी आपण म्हणतो, हा तोच. हे म्हणताना दोन्ही काळांतले न जुळणारे तपशील आपण बाजूला ठेवतो आणि माणूस हाती धरतो. वर्गात मी हे लक्षणेचं उदाहरण म्हणून शिकवते, पण मला ते आचरणाचं सूत्र वाटतं. परत आलेल्या मुलाला ओळखताना दोन्हीकडचं थोडं सोडावं लागतं. आजारापूर्वीचं गुटगुटीत, पाढे घडाघडा म्हणणारं मूल परत मिळावं, हा हट्ट सोडावा लागतो. आणि समोरचं टकलं, थकलेलं रूप म्हणजेच ते मूल, ही समजूतही सोडावी लागते.

पहिला हट्ट सोडणं आईबापांना जड जातं. माझ्या काळी ल्युकेमिया मेंदूत शिरू नये म्हणून डोक्याला शेक देत. किरणोपचाराला धर्मशाळेत सगळे शेकच म्हणायचे. त्यानं अनेक मुलं वाचली, पण पुढे कुणाची उंची खुंटली, कुणाला गणित, लक्ष, वेग जड गेला. म्हणून आता डोक्याच्या किरणोपचारांचा वापर बराच कमी केलेला आहे. मी स्वतः हिशेबात आजही सावकाश आहे. काही औषधांचा परिणाम हृदयावर वर्षांनंतरही दिसू शकतो. त्यामुळे 'बरा झाला, विसरा आता' हे वैद्यकातही चालत नाही. टाटा हॉस्पिटलनं उपचार संपलेल्या मुलांची पुढची तपासणी करणारं वेगळं क्लिनिक 1991 मध्येच सुरू केलं. बऱ्या झालेल्या मुलामुलींचा 'उगम' हा गट 2009 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली उभा राहिला. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा कुणी पाप विचारलं नाही, हेतूही विचारला नाही. "तुला कुठला? शेक किती? आता काय करतेस?" एवढंच. त्या साध्या चौकशीत मला केवढा तरी मान वाटला.

आणि बापाची झोप? यमानं मुलाला वर देताना बापाच्या झोपेची हमी दिली, हे मला त्या संवादातलं सर्वांत दयाळू वाक्य वाटतं. माझे वडील कित्येक वर्षं झोपले नाहीत. मला कणकण आली की ते रात्रभर ओसरीवर बसायचे. मला सहलीला, पोहायला, मैत्रिणीकडे राहायला नाही म्हणायचे. त्यांचं प्रेम पहाऱ्यासारखं झालं होतं. मूल माणसांत परत यायचं तर आधी घरच्यांची भीती निवावी लागते. आणि ती एकट्यानं निवत नाही. तिला डॉक्टरचं स्पष्ट बोलणं लागतं, शेजाऱ्याचा धीर लागतो, त्याच वाटेवरून गेलेल्या दुसऱ्या बापाशी गप्पा लागतात.

दुसरी समजूत सोडणं समाजाचं काम. ते आपल्या परंपरेत अगदीच नव्हतं असंही नाही. परागंदा झालेला, मेला समजून ज्याचे अंत्यविधी उरकले असा माणूस जिवंत परतला तर काय करायचं, याचा विचार धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आहे. पां. वा. काणे यांनी त्याची नोंद केली आहे. त्याला तुपाच्या पात्रातून काढून स्नान घालायचं, जातकर्मापासून संस्कार पुन्हा करायचे, त्याचं लग्नही त्याच्याच पत्नीशी पुन्हा लावायचं. आज हे विधी कुणी करावेत असं मी म्हणत नाही. पण त्यामागचं शहाणपण घेण्यासारखं आहे. परत आलेला माणूस आपोआप परत येत नाही, त्याला परत घेण्याची कृती उरलेल्यांनी करायची असते. याच महाराष्ट्रात उलटही घडलेलं आहे. आळंदीच्या चार भावंडांना आईबापांच्या वागण्यापायी बाहेर ठेवून शुद्धिपत्रासाठी पैठणला पाठवल्याची कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. मुलाला आत घेण्याआधी त्याच्याचकडे दाखला मागायची आपली खोड जुनी आहे. परत आलेल्या मुलाकडे शाळा पहिल्यांदा 'फिट सर्टिफिकेट' मागते तेव्हा मला पैठण आठवतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सहावीत एक मुलगा उपचारांनंतर परत यायचा होता. गोळ्या चालूच होत्या. तो येण्याआधी मी वर्गाला तीन गोष्टी सांगितल्या. हा आजार कुणापासून कुणाला लागत नाही. केस परत येतात. आणि कुणाच्या घरी कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी येऊन मला सांगायचं, कारण गोळ्या चालू असताना त्याला त्याचा धोका फार मोठा आहे. तिसऱ्या गोष्टीनं वर्ग बदलून गेला. तोवर मुलांना वाटत होतं की आपल्याला त्याच्यापासून जपायचं आहे. धोका आपल्याकडून त्याला आहे, हे कळल्यावर ती एकदम मोठी झाली. वर्गातली एक मुलगी दुसऱ्याच आठवड्यात स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, माझ्या काकांच्या बाळाला कांजिण्या आल्यात, मी चार दिवस येऊ की नको?"

मधल्या सुट्टीत एकानं त्या मुलाला सरळ विचारलं, "तू मेला होतास का रे?" त्यानं डबा उघडता उघडता सांगितलं, "नाही. मुंबईला होतो." आणि दोघं जेवायला बसले. मोठ्या माणसांना जमत नाही इतकं स्वच्छ बोलणं ते.

सगळ्यांत अवघड प्रश्न लग्नाचा. तिथं धर्म आणि भीती समोरासमोर येतात. आमच्याकडे स्थळं यायला लागली तेव्हा मामा म्हणाले, "वीस वर्षं होत आली. सांगायची काय गरज?" त्यांचा हेतू मायेचा होता. पण मला प्रश्न सत्याचा वाटला. कायदाही मधे आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीनं संमती घेतली असेल तर विवाह रद्द होऊ शकतो असं आहे. मनुस्मृती मला प्रमाण नाही, पण तिच्या आठव्या अध्यायातली दोन कलमं लागोपाठ आहेत म्हणून सांगते. दोष न सांगता मुलगी देणाऱ्याला 96 पण दंड. आणि द्वेषानं मुलीवर खोटा ठपका ठेवणाऱ्याला 100 पण. जुन्या स्मृतिकारालाही बदनामी ही लपवण्याहून मोठी वाटली.

पण बालपणी होऊन गेलेला, बरा झालेला आजार हा दोष आहे का? फ्रान्सनं याचं वेगळं उत्तर काढलं. 2016 च्या कायद्यानं तिथं कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांना, ठरावीक वर्षं उलटल्यावर, कर्जाच्या विम्यासाठी तो आजार सांगायची गरज उरली नाही. 2022 मध्ये ती मुदत सर्वांसाठी पाच वर्षांवर आणली. यात मला एक मोठा नैतिक विचार दिसतो. सांगण्याचं कर्तव्य आणि विचारण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक विचारणाऱ्याला माझ्या भूतकाळावर हक्क नाही. बँकेला नाही, शेजाऱ्यांना नाही, पत्रिका घेऊन फिरणाऱ्या मध्यस्थाला तर नाहीच. पण जो माझ्याबरोबर आयुष्य काढणार आहे, माझ्या तपासण्यांना बरोबर येणार आहे, त्याचा आहे.

मी सांगितलं. मध्यस्थाला नाही, मुलाला. काही स्थळं त्यानंतर बोलली नाहीत. एका घरानं मूल होईल का, त्यालाही हाच आजार होईल का, असं विचारलं. ते प्रश्न रास्त होते आणि त्यांची उत्तरं डॉक्टरांकडे आहेत. ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या बहुतेकांना मुलं होतात, आणि आनुवंशिक प्रकार सोडले तर त्यांच्या मुलांना कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा वाढत नाही. मला दुखलं ते न विचारता गप्प होणं. वनपर्वातल्या सावित्रीला नारदांनी आधीच सांगितलं होतं की सत्यवानाला एकच वर्ष उरलं आहे. बाप म्हणाला, दुसरा बघ. तिनं ऐकून घेतलं, आणि निवड बदलली नाही. आपण वडाला दोरा गुंडाळतो ते तिच्या पातिव्रत्याची आठवण म्हणून. मला त्या कथेत आधी दिसते ती खरं ऐकायची तिची छाती. सत्य बोलणाऱ्याकडूनच आपण नेहमी धैर्य मागतो. ऐकणाऱ्यानंही ते आणावं लागतं. नाहीतर प्रत्येक बरं झालेलं मूल आधी लपवायला शिकतं आणि मग लपवल्याबद्दल दोषी ठरतं. ज्यांच्याशी माझं लग्न झालं त्यांनी सगळं ऐकून इतकंच विचारलं की वर्षाची तपासणी कोणत्या महिन्यात असते, म्हणजे रजा टाकता येईल.

म्हणून मला ठामपणे म्हणायचं आहे. परत आलेल्या मुलाचं 'समायोजन' हा मुलाच्या जुळवून घेण्याचा प्रश्न आपण करून ठेवला आहे. समुपदेशन त्याला, हिंमत त्यानं ठेवायची, हसतमुख त्यानं राहायचं. नचिकेतानं मागितलेल्या वरात नचिकेतानं बदलायचं असं काहीच नाही. बदलायचं आहे ते बापानं. राग सोडायचा आहे बापानं, ओळखायचं आहे बापानं, पहिलं बोलायचं आहे बापानं. मुलानं फक्त घरी यायचं आहे.

हे सगळं अवघड आहे असं मला वाटत नाही. उपचारांच्या काळात शाळेनं मुलाचं नाव पटावर ठेवावं, आणि वर्गातल्या कुणीतरी महिन्यातून एकदा त्याला फोन करावा. परत आल्यावर त्याला पहिल्या दिवसापासून मधल्या रांगेत बसवावं. गणिताला वेळ जास्त द्यावा आणि त्याचा गाजावाजा करू नये. खेळाच्या सरांनी त्याला मैदानाच्या कडेला न बसवता हळू घ्यावं. घरी पाणी त्याच फुलपात्रातून द्यावं ज्यातून सगळे पितात. कोणत्या जन्मीचं पाप हे विचारू नये, आणि पुढे काय मोठं करणार हेही विचारू नये. लग्नाचं बोलणं आलं तर खरं विचारावं, खरं ऐकावं, आणि नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा. यातल्या कशालाही देव, डॉक्टर किंवा यम लागत नाही. तो पहिला वर देणं आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे, आणि हातात असूनही तो न देणं, याला मी पाप म्हणते.